अल्झायमर रक्तातून कळतो का? बायोमार्कर आणि आजाराच्या मुळाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रक्तातली प्रथिनं मोजण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. गेली दोन-तीन वर्षं नातेवाइकांचे, शेजाऱ्यांचे, आईच्या मैत्रिणींचे फोन येतात आणि सुरुवात बहुतेकदा एकच असते: "अगं, विसरण्याच्या आजाराची रक्ताची टेस्ट निघालीय म्हणे, आमच्या ह्यांची करून घेऊ का?" फोनवर पाच मिनिटांत जे नीट सांगता येत नाही ते इथे सविस्तर लिहिते आहे.

अल्झायमर आणि डिमेन्शिया एकच ना?

नाही. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, हे लक्षणांचं नाव आहे: स्मरणशक्ती, भाषा, निर्णयक्षमता इतकी ढासळते की रोजचे व्यवहार एकट्याने जमत नाहीत. ताप कसा मलेरियाचा, टायफॉइडचा किंवा न्यूमोनियाचा असू शकतो, तशी डिमेन्शियाचीही अनेक कारणं असतात. अल्झायमर हे त्यातलं सगळ्यात मोठं कारण. मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब होणं हे दुसरं. उतारवयात ही दोन्ही एकाच मेंदूत सापडणं अगदी नेहमीचं आहे.

मग बायोमार्कर म्हणजे काय?

शरीरात चाललेल्या एखाद्या घडामोडीची मोजता येणारी खूण. मधुमेहात तीन महिन्यांची साखर पाहतात, ती एचबीएवनसी, हा बायोमार्करच. त्या आकड्यावरून साखरेचं काय चाललंय ते कळतं, पण तुमचे डोळे किंवा मूत्रपिंडं किती बिघडली आहेत ते त्यावरून कळत नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरात तो लागणार आहे.

मेंदूत नेमकं काय बिघडतं?

१९०१ च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीतल्या फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्टं डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. डॉ. अलॉइस अल्झायमर तिला रोज प्रश्न विचारत आणि उत्तरं लिहून ठेवत. तिला स्वतःचं नाव लिहायला सांगितलं तर ते पुरं होत नसे. "मी स्वतःला हरवून बसले आहे," असं ती म्हणाल्याची नोंद आहे. १९०६ मध्ये ती गेल्यावर त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. पेशींच्या बाहेर कसले तरी साके जमलेले दिसले आणि पेशींच्या आत दोऱ्यांचे गुंते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्युबिंगनच्या एका सभेत त्यांनी हे मांडलं. १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमरचं नाव दिलं.

ते साके आणि गुंते कशाचे, हे कळायला पाऊण शतक गेलं. १९८४ मध्ये ग्लेनर आणि वाँग यांनी बीटा-अ‍ॅमिलॉइड हे प्रथिन वेगळं काढलं, आणि पुढच्याच वर्षी मेंदूतले साके याच प्रथिनाचे असल्याचं स्पष्ट झालं. चेतापेशीच्या आवरणात एपीपी नावाचं एक लांबलचक प्रथिन असतं. दोन विकरं, म्हणजे एन्झाइम, त्याला दोन ठिकाणी कापतात आणि मधला तुकडा सुटतो, तो बीटा-अ‍ॅमिलॉइड. हा तुकडा तुमच्या-माझ्या मेंदूतही रोज तयार होतो आणि रोज वाहून जातो. त्याचे बहुतेक रेणू ४० अमिनो आम्लांचे असतात आणि काही ४२ चे. त्या दोन जादा अमिनो आम्लांमुळे तो चिकट होतो. निचरा कमी पडला की ४२ वाला एकमेकांना चिकटून बसायला लागतो.

गुंते टाउ नावाच्या प्रथिनाचे. चेतापेशीच्या लांब शेपटीतून माल इकडून तिकडे नेणाऱ्या सूक्ष्म नळ्या असतात आणि टाउ त्यांना आधार देतं. अल्झायमरमध्ये टाउवर ठिकठिकाणी फॉस्फेटचे गट जास्तीचे चिकटतात, ते नळ्यांवरून सुटतं आणि पेशीतच गुंडाळलं जातं. गुंत्यांची सुरुवात साधारणपणे मेंदूच्या कानाजवळच्या भागात आतल्या बाजूला, आठवणी साठवणाऱ्या हिप्पोकॅम्पसच्या उंबरठ्यावर होते, आणि तिथून ते पसरत जातात. हा क्रम ब्राक पतिपत्नींनी १९९१ मध्ये टप्प्याटप्प्याने मांडला. आजीला सकाळचं जेवण आठवत नाही, पण लहानपणीची ओवी तोंडपाठ असते, याची संगती इथे लागते: नव्या आठवणी नोंदवणारी जागा आधी जाते.

आणखी एक पात्र आहे, मायक्रोग्लिया. या मेंदूच्या सफाई कामगार पेशी. त्या साक्यांभोवती गोळा होतात, काही साफ करतात, पण वर्षानुवर्षं चवताळलेल्या राहिल्या तर आसपासच्या चांगल्या पेशींचंही नुकसान करतात. याच पेशींच्या कामाशी निगडित ट्रेम-२ या जनुकातल्या एका दुर्मीळ बदलाने अल्झायमरचा धोका बराच वाढतो, हे २०१३ साली दिसलं. तेव्हापासून मेंदूतल्या या जळजळीकडे, म्हणजे इन्फ्लमेशनकडे, आजाराचा निव्वळ परिणाम म्हणून पाहणं सुटलं.

अ‍ॅमिलॉइडपासूनच सुरुवात होते, हे कशावरून?

सर्वांत भक्कम पुरावा जनुकांचा आहे. एपीपीचं जनुक २१ व्या गुणसूत्रावर असतं. डाउन सिंड्रोम असलेल्यांकडे या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात, आणि त्यांच्यात चाळिशीपर्यंत साके-गुंते दिसू लागतात. एपीपी, प्रेसेनिलिन-१ आणि प्रेसेनिलिन-२ या तीन जनुकांतल्या काही बिघाडांमुळे अल्झायमर थेट पिढीजात येतो, तोही तिशी-चाळिशीत. तिन्हींचा संबंध अ‍ॅमिलॉइड कापण्याशीच आहे. उलट बाजूने, आइसलँडमधल्या काही लोकांत एपीपीचा असा बदल सापडला की ज्यामुळे अ‍ॅमिलॉइड साधारण ४० टक्क्यांनी कमी तयार होतं, आणि ती माणसं अल्झायमरपासून बरीच सुरक्षित राहतात.

मला मात्र कोलंबियातली गोष्ट जास्त बोलकी वाटते. अँटिओकिया प्रांतात प्रेसेनिलिन-१ च्या एकाच बिघाडाची मोठी कुटुंबं आहेत. डॉ. फ्रान्सिस्को लोपेरा यांनी चार दशकं डोंगरातली गावं पालथी घालून त्यांच्या वंशावळी जुळवल्या. या घरांतल्या माणसांची स्मृती साधारण ४४ व्या वर्षी ढासळू लागते. त्यातल्या एका बाईंकडे तोच बिघाड होता, तरी त्यांना सत्तरीपर्यंत काही झालं नाही. तपासलं तर मेंदू अ‍ॅमिलॉइडने भरलेला, पण टाउ अगदी थोडं. त्यांच्याकडे एपीओई या दुसऱ्या जनुकाचा एक दुर्मीळ प्रकार दोन्ही प्रतींत होता. हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे अ‍ॅमिलॉइड आणि टाउ यांच्यामधली साखळी तोडता येते, आणि निसर्गाने ती एकदा तोडून दाखवली आहे. आज कितीतरी प्रयोगशाळा त्या तुटलेल्या कडीमागे लागल्या आहेत, आणि मला सर्वांत जास्त आशा तिथेच दिसते.

पण अ‍ॅमिलॉइडचा तो शोधनिबंध खोटा निघाला ना?

एक निबंध, हो. २००६ मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात आलेल्या, अ‍ॅमिलॉइडच्या एका विशिष्ट गटाबद्दलच्या निबंधातल्या प्रतिमांत फेरफार झाल्याचं पुढे आलं आणि २०२४ च्या जूनमध्ये तो मागे घेतला गेला. ही लाजिरवाणी गोष्ट आहे, त्यात अनेकांची वर्षं वाया गेली. पण वर सांगितलेला जनुकांचा पुरावा त्याच्या कितीतरी आधीचा आणि वेगवेगळ्या देशांतल्या वेगवेगळ्या हातांनी गोळा केलेला आहे. एक विटेचं घर पडलं म्हणून सगळं गाव पडलं असं होत नाही.

जिवंत माणसाच्या मेंदूतलं हे दिसतं कसं?

बराच काळ दिसतच नव्हतं. पक्कं निदान मृत्यूनंतरच होई.

पहिली वाट पाठीतल्या पाण्याची. मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचं पाणी कमरेच्या मणक्यातून सुईने थोडं काढतात. साके बनायला लागले की अ‍ॅमिलॉइड-४२ तिकडे अडकून पडतं, म्हणून पाण्यात ते कमी होतं, आणि फॉस्फेट चिकटलेलं टाउ वाढतं. लोकांना पटत नाही की साचल्यावर आकडा कमी कसा. धरणात पाणी अडलं की नदीत कमी येतं, तसंच हे.

दुसरी वाट स्कॅनची. २००२ मध्ये स्वीडनमधल्या उप्सालात पिट्सबर्गच्या शास्त्रज्ञांनी बनवलेलं एक किरणोत्सारी रंगद्रव्य एका रुग्णाला टोचलं आणि अ‍ॅमिलॉइडचे साके जिवंत मेंदूत पेट स्कॅनवर पहिल्यांदा उजळले. पुढे २०१२ मध्ये असं एक रंगद्रव्य अमेरिकेत मंजूर झालं, २०२० मध्ये टाउ दाखवणारंही आलं. दोन्ही स्कॅन शेजारी ठेवले की एक गोष्ट ठळक दिसते: माणूस किती विसरतो हे अ‍ॅमिलॉइडच्या साठ्याशी फारसं जुळत नाही, टाउ कुठे-कुठे पोचलं त्याच्याशी जुळतं. मोठ्या शहरांत आपल्याकडे सहज होतो तो एफडीजी पेट, आणि तो मेंदू साखर कुठे कमी वापरतो तेवढं दाखवतो. कागदावर नुसतं 'पेट' लिहिलं असेल तर कुठला, ते जरूर विचारा.

आणि रक्ताची टेस्ट?

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण हे माझ्या रोजच्या हातचं काम आहे.

मेंदूतलं टाउ रक्तात अत्यल्प उतरतं, इतकं की मिलिलिटरमागे पिकोग्रॅममध्ये मोजावं लागतं. एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. दहा-बारा वर्षांपूर्वीपर्यंत ते मोजायची यंत्रंच नव्हती. मग ती आली, आणि टाउच्या साखळीतल्या २१७ व्या जागेवर फॉस्फेट चिकटलेला तुकडा, पी-टाउ-२१७, सगळ्यांत कामाचा ठरला. गंमत म्हणजे हा टाउचा तुकडा असून सुरुवातीला खबर देतो अ‍ॅमिलॉइडची. साके जमू लागले की आसपासच्या चेतापेशी तो जास्त सोडू लागतात, गुंते पसरण्याच्या आधीच. आकडा वाढलेला दिसला म्हणजे मेंदूत गुंते झालेच, असा अर्थ घेऊ नका.

मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशी पहिली रक्ततपासणी मंजूर केली. तिच्यात पी-टाउ-२१७ आणि अ‍ॅमिलॉइड-४२ यांचं गुणोत्तर पाहतात. मंजुरी ५५ वर्षांवरच्या आणि विसरण्याची लक्षणं असलेल्या लोकांसाठीच आहे. ४९९ नमुन्यांच्या तपासात, जिथे टेस्ट पॉझिटिव्ह आली त्यातल्या ९१.७ टक्के लोकांत स्कॅन किंवा पाठीच्या पाण्यातही अ‍ॅमिलॉइड सापडलं. निगेटिव्ह आलेल्यांपैकी ९७.३ टक्क्यांत तिथेही निगेटिव्ह. आणि २० टक्क्यांहून थोड्या कमी लोकांचं उत्तर 'नक्की सांगता येत नाही' असं आलं. त्या लोकांना पुढची तपासणी लागतेच.

आता अडचणी. मूत्रपिंडं नीट काम करत नसतील तर पी-टाउ रक्तात साठतं आणि आकडा उगाच फुगतो. आपल्याकडे मधुमेह आणि रक्तदाबामुळे मूत्रपिंडं दुबळी झालेले कितीतरी आजी-आजोबा आहेत, म्हणून क्रिएटिनिन पाहिल्याशिवाय हा रिपोर्ट वाचू नये. वजन फार असेल तर उलट आकडा थोडा पातळ होतो. शिवाय अ‍ॅमिलॉइड ज्या नळीत ठेवाल तिच्या भिंतीला चिकटतं. प्लॅस्टिक चुकीचं असेल, किंवा प्लाझ्मा वेगळा करायला उशीर झाला, तर दुपारचं उत्तर सकाळच्या उत्तराहून वेगळं येऊ शकतं.

मला काही त्रास नाही. खबरदारी म्हणून करून घेऊ का?

माझं उत्तर: नका करू. कारण हिशोब मांडून सांगते. समजा एखादी टेस्ट ९० टक्के बरोबर ओळखते, दोन्ही बाजूंनी. पन्नाशीतल्या १००० धडधाकट लोकांत समजा ५० जणांच्या मेंदूत खरोखर अ‍ॅमिलॉइड आहे. टेस्ट त्यातल्या ४५ जणांना पकडेल. उरलेल्या ९५० पैकी ९५ जणांनाही ती चुकून पॉझिटिव्ह म्हणेल. म्हणजे १४० लोक रिपोर्ट हातात घेऊन रडतील आणि त्यातले ९५ विनाकारण. स्मृतीची तक्रार घेऊन आलेल्या सत्तरीतल्या लोकांत हीच टेस्ट लावली तर चित्र पार बदलतं, कारण त्यांच्यात अ‍ॅमिलॉइड असणारे मुळातच जास्त असतात.

दुसरं कारण असं की खरोखर अ‍ॅमिलॉइड असलेल्यांपैकीही अनेकांना हयातीत डिमेन्शिया होत नाही. याच मुद्द्यावर जगातल्या तज्ज्ञांत उघड मतभेद आहेत. अमेरिकेतल्या एका गटाने २०२४ मध्ये मांडलेल्या निकषांनुसार बायोमार्कर पॉझिटिव्ह म्हणजे आजार सुरू झाला, लक्षणं असोत वा नसोत. युरोपातल्या तज्ज्ञांचा भरणा असलेल्या दुसऱ्या गटाचं म्हणणं, लक्षणं नसतील तर त्या माणसाला 'धोका आहे' म्हणा, 'रुग्ण' म्हणू नका. मी दुसऱ्या बाजूची आहे. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या, नातवाला शाळेत सोडणाऱ्या बाईच्या कपाळावर आपण अल्झायमरचा शिक्का मारायचा आणि द्यायला हातात काहीच नसायचं, हे मला पटत नाही. निरोगी लोकांना आधीच औषध देण्याच्या चाचण्या चालू आहेत. त्यांचं उत्तर 'हो' आलं, तर हे मत मी बदलीन.

एपीओई-४ ची जनुक तपासणी?

एपीओई-४ हा धोका वाढवणारा प्रकार, हे १९९३ मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं. तो असून आजार न होणारे असंख्य आहेत, नसून होणारेही. घरात तिशी-चाळिशीत अल्झायमर झाल्याचा इतिहास असेल तर जनुकतज्ज्ञांकडे नक्की जा. एरवी कुतूहलापोटी नको.

मेंदूत साके असूनही माणूस ठणठणीत कसा राहतो?

अमेरिकेत १९८६ पासून ६७८ ख्रिस्ती जोगिणींचा, म्हणजे नन्सचा, अभ्यास झाला. त्यांनी मृत्यूनंतर मेंदू देण्याचं कबूल केलं होतं. त्यातल्या एक सिस्टर १०१ व्या वर्षी गेल्या, शेवटपर्यंत बुद्धीच्या चाचण्यांत उत्तम गुण मिळवत. मेंदू उघडला तर साके आणि गुंते भरपूर. याला मेंदूची शिल्लक म्हणता येईल: आयुष्यभर जोडलेल्या वाटा जास्त असल्या की एक बंद झाली तरी दुसरीने जाता येतं.

आपल्या जवळचं उदाहरण हैदराबादचं. निजाम्स इन्स्टिट्यूटमधल्या ६४८ डिमेन्शिया रुग्णांचा अभ्यास डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांना डिमेन्शिया सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झाला होता, आणि हा फरक शाळेत न गेलेल्यांतही दिसला. सोलापूरच्या पेठेत तेलुगू, कन्नड आणि मराठी अशा तिन्ही भाषांत भांडणाऱ्या आजीबाई मला हे वाचताना आठवल्या. भाषा आजार रोखते असं यावरून म्हणता येत नाही, पण उशीर हीच या आजारात मोठी मिळकत आहे.

हे सगळे आकडे गोऱ्या लोकांचे. आपल्याला लागू आहेत का?

रास्त शंका. भारतात ६० वर्षांवरच्या लोकांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक, असा अंदाज २०२३ मध्ये एका देशव्यापी पाहणीतून आला. इतके रुग्ण असून बायोमार्करच्या सीमारेषा बहुतांशी युरोप-अमेरिकेच्या नमुन्यांवर आखलेल्या आहेत. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातलं मेंदू संशोधन केंद्र कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूर तालुक्यात ४५ वर्षांवरच्या हजारो ग्रामस्थांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करत आहे: रक्त, जनुकं, मेंदूचे स्कॅन, स्मृतीच्या चाचण्या. ध्येय १०,००० लोकांचं. अक्षरओळख नसलेल्या शेतकऱ्याची स्मृती कागद-पेन्सिलीच्या चाचणीने मोजता येत नाही, त्यासाठी वेगळ्या चाचण्या लागतात. असं काम विदर्भात, कोकणात, मराठवाड्यात व्हावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. बंगळुरूच्याच निम्हान्समध्ये मेंदूदानाची पेढीही आहे.

नवी औषधं या खुणांवरच चालतात का?

हो. लेकानेमॅब हे अ‍ॅमिलॉइड धुऊन काढणारं औषध अमेरिकेत जुलै २०२३ मध्ये पूर्णपणे मंजूर झालं आणि डोनानेमॅब जुलै २०२४ मध्ये. दोन्ही फक्त सुरुवातीच्या टप्प्यासाठी, आणि अ‍ॅमिलॉइड आहे हे सिद्ध झाल्यावरच. लेकानेमॅबच्या १७९५ जणांच्या चाचणीत दीड वर्षात घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. ऐकायला छान आहे. पण १८ गुणांच्या मापपट्टीवर हा फरक ०.४५ गुणाचा होता, आणि घरच्यांना तो जाणवेल का यावर डॉक्टरांत वाद आहे. औषध घेणाऱ्या १२.६ टक्के लोकांच्या मेंदूत स्कॅनवर सूज दिसली, बहुतेकांना त्रास न होता, पण काहींना गंभीर. एपीओई-४ च्या दोन प्रती असणाऱ्यांत हा धोका जास्त, म्हणून औषधाआधी मात्र ती जनुक तपासणी करणं योग्य.

घरात कुणी विसरायला लागलं तर पहिली तपासणी कुठली?

पी-टाउ तर नक्कीच नाही. बी-१२, थायरॉइड, हिमोग्लोबिन, सोडियम, साखर, मूत्रपिंडं. ऐकू कमी येतंय का. झोपेच्या किंवा लघवीच्या गोळ्या चालू आहेत का. जोडीदार गेल्यापासून मन खचलंय का. माझी मावशी जन्माची शाकाहारी, दोन वर्षं तिला सगळे 'वय झालं' म्हणत राहिले. बी-१२ फार खाली होतं. इंजेक्शनं सुरू झाल्यावर तीन-चार महिन्यांत ती पुन्हा भिशीचा हिशोब ठेवू लागली. प्रत्येकाचं असं होत नाही, पण दोनशे-पाचशेच्या तपासण्या राहून जाऊन हजारोंच्या तपासणीकडे धावणं चूक आहे. हे झाल्यावर मेंदूविकारतज्ज्ञ, स्मृतीची चाचणी, एमआरआय. त्यानंतरही प्रश्न उरला तर बायोमार्कर.

आईचं निदान तीन वर्षांपूर्वीच झालंय. तिला या संशोधनाचा काय उपयोग?

साके धुणारी औषधं तिच्या टप्प्यावर बहुधा देणार नाहीत, हे स्पष्ट सांगते, कारण खोटी आशा दाखवणाऱ्यांची कमी नाही. डोनेपेझिलसारख्या जुन्या गोळ्या उरलेल्या पेशींमधला निरोप थोडा काळ पोचवत राहतात, त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

पण एक उपयोग आहे. तिच्या मेंदूत गुंते कुठून कुठे जातात हे आता ठाऊक आहे. 'मगाशीच सांगितलं ना' असं म्हणताना ते मगाशीचं तिच्याकडे नोंदलंच गेलं नव्हतं, हे कळतं. नवं काही नोंदवणारी जागा गेली आहे, सूर आणि सवयी सांभाळणाऱ्या जागा उशिरा जातात. तिला आज वार कोणता ते विचारू नका. तिच्याबरोबर मेथी निवडायला बसा, आणि ती गुणगुणायला लागली तर तुम्हीही म्हणा.